जाळ्यात आलेला प्रत्येक 'मासा' मासा नसतो

'डेटा गोळा झाला, आता फक्त मोजायचं' असं वाटत असेल तर जरा थांबा. माझीच फजिती सांगतो.

इंग्रजीत मासे आणि मासेमारीवरून आलेले वाक्प्रचार पुष्कळ. मराठीत कोणते, हे मला बघायचं होतं. नाशिक समुद्रापासून लांब. पण निवडणूक आली की इथल्या बातम्यांतही कोणी ना कोणी कोणाच्या तरी 'गळाला लागतो'च! मग मी मजकुरात 'मासा' आणि 'माशा' शोधले. यादी भराभर वाढली, मी खूश. गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "'माशा मारत बसणे' यात मासा कुठे आहे?"

खरंच नव्हता. तिथे माशी आहे. बघा, अक्षरं सारखी, पण शब्द तीन:

१. मासा (मूळ मत्स्य): 'पाण्याबाहेरच्या माशासारखं तडफडणे'.
२. माशी (मूळ मक्षिका): 'माशा मारणे', 'माशी शिंकणे'.
३. मासा हे वजन (मूळ माष, म्हणजे उडीद): ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. 'तोळामासा प्रकृती' इथली, नदीतली नव्हे.

यावरून एक खूण मिळते. प्रत्यय नसलेलं सुटं 'माशा' बहुधा माशीचं अनेकवचन असतं. 'माशाला', 'माशासारखा' यांत माशी नसते. पण 'माशांना' दिसलं की वाक्य वाचण्यावाचून गत्यंतर नाही. उलट 'गळाला लागणे', 'जाळ्यात सापडणे' यांत मासा हा शब्दच नाही, म्हणून ते माझ्या शोधातून निसटले होते. म्हणजे नको ते आलं आणि हवं ते गेलं!

आणखी एक सापळा म्हणजे व्युत्पत्तीच्या गोष्टी. दिशाभूल करणाऱ्या मुद्द्याला इंग्रजीत 'रेड हेरिंग' म्हणतात. धुरी देऊन लालसर झालेल्या हेरिंगच्या वासाने शिकारी कुत्र्यांना शिकवत, म्हणून हा अर्थ, असं सर्रास सांगितलं जातं. पण हा अर्थ रूढ होण्याचं श्रेय अभ्यासक पत्रकार विल्यम कॉबेट यांच्या १८०७ मधल्या लेखाला देतात. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीमागे धावणाऱ्या वृत्तपत्रांना टोला मारायला त्यांनी कुत्र्यांची गोष्ट वापरली होती.

तेव्हा मोजण्याआधी निदान पन्नास नोंदी हाताने वाचा, मूळ शब्द कोशात तपासा, आणि शोधात काय निसटलं तेही विचारा. माझी यादी बरीच आखडली. पण आता ती मॅडमसमोर ठेवायला भीती वाटत नाही.