निखाऱ्यावरचा पिझ्झा

पिझ्झा करायला ओव्हनच लागतो, असं समजून कितीतरी घरांत तो केलाच जात नाही. आमच्या उंद्रीसारख्या गावात तर ही समजूत अगदीच चुकीची आहे. ज्यांच्या घरी रोडगे होतात, त्यांना विस्तवाचं निम्मं काम आधीच येतं. रोडग्यांच्या गोवऱ्या धगधगत असल्या, की सासूबाई कुणाला कणकेला हात लावू देत नाहीत. "इस्तो निजू दे, मंग टाक," म्हणतात. पिझ्झ्यालाही हेच लागू आहे. ज्वाळ नको, निखारा हवा.

मी लोखंडी शेगडीत बाभळीचा कोळसा घेते आणि तुराट्यांवर पेटवते. रॉकेल अजिबात नाही, त्याचा वास थेट पिठाला लागतो. वीस-पंचवीस मिनिटांत कोळशावर राखेचा पातळ थर धरतो. मग सगळे निखारे एका बाजूला सारायचे आणि दुसरी बाजू रिकामी ठेवायची. हे टाळलं तर पुढचं सगळं बिघडतं.

कारण असं. पिझ्झा मूळचा नेपल्सचा. तिथल्या कारागिरांची कला २०१७ साली युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यांची भट्टी विटांची, घुमटाची, आत ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे आच. खालून फरशी भाजते, वरून घुमट भाजतो आणि दीड मिनिटाच्या आत पिझ्झा बाहेर. शेगडीला घुमट नाही, आच फक्त खालून. कच्च्या पोळीवर सगळं पसरून ती जाळीवर ठेवली, तर बूड करपतं आणि वरचं चीज तसंच राहतं. म्हणून पोळी आधी उलटायची. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातलं १९८० साली सुरू झालेलं 'अल फोर्नो' हे रेस्टॉरंट अशा थेट जाळीवर भाजलेल्या पिझ्झ्यामुळेच नावाजलं गेलं.

अर्धा किलो मैद्याला साधारण ३०० मिलिलिटर पाणी, दोन लहान चमचे मीठ, अर्धा लहान चमचा कोरडं यीस्ट आणि थोडं तेल. दहा मिनिटं चांगलं मळायचं. घड्याळ बघू नका, पीठ बघा: ते दुप्पट व्हायला हवं. आमच्याकडे मे महिन्यात तासाभरात होतं, थंडीत चांगलाच वेळ घेतं. चौथा हिस्सा कणीक घातलेली मला आवडते, गव्हाची चव येते. त्याहून जास्त घातली तर पोळी ताणताना फाटते.

ओलं, मऊ पीठ जाळीतून खाली गळेल, अशी भीती सगळ्यांना वाटते. गळत नाही. तेल लावलेली पोळी तापल्या जाळीला टेकताच खालचा थर क्षणात घट्ट होतो. आतल्या पाण्याची वाफ होते, यीस्टने धरलेला वायू फुगतो आणि वर टपोरे फोड येतात. जाळीपासून चार बोटं वर हात धरावा. तीन-चार सेकंदांत मागे घ्यावासा वाटला, तर आच बरोबर आहे. दीड-दोन मिनिटांत पोळी चिमट्याने सहज सुटते. ती उलटून रिकाम्या बाजूला घ्यायची आणि भाजलेल्या अंगावर टोमॅटोची चटणी, भाज्या, चीज घालायचं. चटणी आटवून घट्ट केलेली हवी. कांदा, ढोबळी मिरची आधीच परतलेली हवी, कारण कच्च्या भाजीचं पाणी सुटून पोळी ओली होते. मग वरून लोखंडी कढई पालथी घालायची. घुमटाचं काम ती करते. तीन-चार मिनिटांत चीज वितळतं. खालची बाजू फिकी राहिली, तर शेवटी क्षणभर निखाऱ्यांवर सरकवावी.

हे सगळं अंगणातच करायचं. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो. पावसाची सर आली तरी पेटती शेगडी घरात आणू नये.

यीस्ट आणि चीज आम्ही चिखलीहून आणतो, बाकी सगळं घरातच असतं. पिझ्झे संपले तरी निखारे बराच वेळ तग धरतात, तेव्हा त्यावर भरताची वांगी भाजून घेते.