महिन्याचा हिशेब, वर्षाचा खर्च

आमच्या घरी घरखर्चाची वही हिच्याकडे असते आणि संगणकावरचा तक्ता माझ्याकडे. अनेक वर्षे दोन्ही गुण्यागोविंदाने नांदले, कारण कोणी दुसऱ्याचे उघडून पाहत नव्हते. २०१८च्या फेब्रुवारीत आईच्या आजारपणाचा पुण्याहून फोन आला. दोन दिवसांत आम्ही चौघे न्यू जर्सीहून निघालो. तिकिटांचे ४,८०० डॉलर क्रेडिट कार्डावर टाकले. परतल्यावर पाहतो तर ते फेडायला बँकेत पैसेच नाहीत! वर्षाला २२ टक्के दराने पहिल्याच महिन्याचे व्याज ८८ डॉलर.

दोघेही नोकरी करणारे. माझ्या तक्त्यात दरमहा ६०० डॉलर शिल्लक दिसत होती. मग ती जात होती कुठे? त्या रात्री वही आणि तक्ता प्रथमच शेजारी ठेवले.

तक्त्यात चूक एकही नव्हती, फक्त तो महिन्याचा होता. प्रॉपर्टी टॅक्स मॉर्गेजच्या हप्त्याबरोबर जात असल्याने त्याची आठवण बँक ठेवते. बाकीच्याची कोण ठेवणार? गाड्यांचा सहामाही विमा वर्षाला १,८०० डॉलर, मुलांचे उन्हाळी कॅम्प २,४००, घराची व गाड्यांची दुरुस्ती १,८००, आणि वर्षाआड भारतवारीचे ६,००० म्हणजे वर्षाला ३,०००. हे सारे मी ‘अवांतर’ म्हणून सोडून दिले होते. बेरीज ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. जे दर वर्षी न चुकता येते त्याला अवांतर कसे म्हणायचे, हा हिचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी गंमत ग्रोसरीची. ही दर शनिवारी १८० डॉलर लिहीत असे. मी चार आठवड्यांचा महिना धरून ७२० मांडत होतो. पण वर्षाचे आठवडे ४८ नसून ५२, म्हणजे खरा आकडा ७८०. ६०० शिल्लक राहिली बाजूला, २१० डॉलरची तूट निघाली.

ही तूट इतकी वर्षे दिसली कशी नाही? माझा पगार दर दोन आठवड्यांनी होतो. वर्षाचे चेक २६, मी महिन्याला दोन धरतो, म्हणजे २४. वर्षातून दोन महिन्यांत तिसरा चेक येतो आणि आपण श्रीमंत झालो असे वाटू लागते. २,१०० डॉलरचे असे दोन चेक वर्षाची २,५२० डॉलरची तूट गुपचूप बुजवत होते. उरलेल्यातून सोफा आला.

मग आम्ही ह्यूस्टनच्या एका स्नेह्यांशी तक्ते ताडून पाहिले. (आपल्या लोकांत पगार विचारणे वाईट दिसते, म्हणून टक्केवारीच सांगितली.) टेक्सासात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे त्यांच्या हातात जास्त पडते. मला हेवा वाटला, तो त्यांचा प्रॉपर्टी टॅक्स पाहीपर्यंत. हातात पडणाऱ्या रकमेचा कोणता हिस्सा कुठे जातो, एवढीच तुलना कामाची.

त्यासाठी एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची कन्या अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ साली मांडलेले सूत्र सोपे आहे: कर वजा जाता उरलेल्यातले ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचत आणि कर्जफेडीला. पण आपण आईवडिलांना पाठवतो ते पैसे यात कुठे बसवायचे? मी आईचे महिन्याचे ३०० डॉलर ‘भेटी’ या सदरात, लग्नाच्या आहेरांशेजारी टाकले होते. म्हणजे काटकसर करायची वेळ आली की कात्री प्रथम तिथेच. हिने ते सदर खोडले आणि आकडा मॉर्गेजच्या खालच्या ओळीत लिहिला. यावर चर्चा झाली नाही.

कार्ड फिटायला आठ महिने लागले. सोफ्यानंतर दुसरी खरेदी नाही, एक कॅम्पही रद्द. तेव्हापासून दर महिन्याच्या १ तारखेला ७५० डॉलर वेगळ्या खात्यात आपोआप जातात. आता तक्त्यात शिल्लक फारच थोडी दिसते. मुलगा म्हणतो, “बाबा, आपण गरीब झालो का?”

२०२२च्या ऑक्टोबरात पुन्हा तसाच फोन आला. तिकिटे त्या खात्यातून काढली. आई भेटली.