फ्री साइज नक्की कुणाचा?

वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर, नॅशनल कॉलेजपासून खारच्या दिशेने फुटपाथला जे स्टॉल लागतात, तिथे ट्रायल रूम नसते. टॉप अंगातल्या कपड्यांवरूनच खांद्याला लावून बघायचा, मैत्रिणीकडे एक नजर टाकायची आणि ‘शेवटचं किती?’ म्हणत घासाघीस सुरू करायची. माप विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘फ्री साइज आहे, बसेल.’ बसतो बहुधा बारीक चणीच्या मुलीला. भरल्या अंगाची बाई तोच टॉप उलटसुलट करून परत ठेवते, आणि ओशाळते तीच. कापड कमी पडलं याची लाज शिवणाऱ्याला वाटल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

फ्री साइजमागचा हिशेब सरळ धंद्याचा आहे. एकाच मापात माल आणला की पाच मापांचे गठ्ठे सांभाळावे लागत नाहीत आणि न खपलेले एक्सएल अंगावर पडत नाहीत. शेजारच्या स्टॉलवर ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ असतो. परदेशी ब्रँडसाठी इथल्या कारखान्यांत शिवलेला, ऑर्डरीतून उरलेला किंवा तपासणीत नापास झालेला, लेबल कापलेला माल. त्याचं माप बेतलेलं असतं तिकडच्या बांध्यावर. त्यामुळे एका ब्रँडचा मीडियम अंगावर लोंबतो, दुसऱ्याचा दंडातच अडकतो, आणि घरी येऊन मुलगी आरशापुढे स्वतःला दोष देते.

दोष मापांच्या तक्त्याचा आहे, हे सरकारनेही एका परीने मान्य केलं. तयार कपड्यांसाठी भारताचं स्वतःचं माप नव्हतंच. अमेरिकी आणि ब्रिटिश तक्त्यांत थोडे फेरफार करून काम चालायचं. म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, ‘इंडिया साइज’ पाहणी हाती घेतली. 2018 मध्ये तिला मंजुरी मिळाली. मुंबईसह सहा शहरांत 15 ते 65 वयाच्या 25 हजार स्त्रीपुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, अशी ती योजना.

याच वांद्र्यात एके काळी मापाचा प्रश्न फार क्वचित यायचा. चिंबईच्या कोळीवाड्यातल्या, रानवारच्या जुन्या गल्ल्यांतल्या बायका नऊवारी लुगडं नेसत. माउंट मेरीच्या जत्रेत आजही एखादी वयस्कर ईस्ट इंडियन ख्रिस्ती बाई चौकड्यांच्या लुगड्यात दिसली की माणसं वळून बघतात. लुगड्याला साइज नसतो. लग्नात घेतलेलं बाळंतपणानंतरही होतं, साठीतही होतं. फक्त निऱ्या कमीजास्त होतात. चोळी शिवायला शिंपी माप घ्यायचा तेही तिच्या अंगाचं, कुठल्या तक्त्याचं नव्हे. म्हणून तेव्हा बायकांना कुणी नावं ठेवत नव्हतं असं मात्र नाही. त्या कामात आपला समाज कधी कमी पडलेला नाही. पण निदान कपडा तरी त्यांच्या बाजूने होता.

नावं ठेवण्यासारख्या गोष्टीचीच कधी कधी फॅशन होते. अंधेरीच्या आंबोलीतल्या फिल्मालय स्टुडिओचा ‘लव्ह इन सिमला’ 1960 मध्ये आला. नायिका साधनाचं कपाळ पडद्यावर फार रुंद दिसेल, असं दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना वाटलं. मग ऑड्री हेपबर्नसारख्या केसांच्या झुलपा कपाळावर आल्या. झाकायचा होता दोष, पण देशभरातल्या मुली ‘साधना कट’ मागू लागल्या. कपाळं सर्वसाधारण असलेल्यासुद्धा.

रंगाच्या बाबतीत अशी गंमत घडली नाही. 1975 मध्ये हिंदुस्तान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली. त्याच वर्षी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी एक सावळी मुलगी श्याम बेनेगलांच्या ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’मधून पडद्यावर आली. स्मिता पाटीलच्या चेहऱ्यावर समीक्षकांनी भरभरून लिहिलं, तिला दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, घरोघरी तिचं कौतुक झालं. त्याच घरांतून स्थळासाठी दिलेल्या जाहिरातीत मात्र ‘गोरी, सडपातळ, सुस्वरूप’ हे तीन शब्द जागचे हलले नाहीत. फार तर ‘निमगोरी’ चालायची, ‘गव्हाळ’वर तडजोड व्हायची.

पुरुषही सुटले नाहीत. 2005 मध्ये इमामीची ‘फेअर अँड हँडसम’ आली आणि पुढे तिची जाहिरात केली खुद्द वांद्रे बँडस्टँडच्या ‘मन्नत’वाल्या शाहरुख खानने. सावळेपणामुळे नोकरी किंवा लग्न अडतं असं जाहिरातीत दाखवू नये, असा नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने केला 2014 मध्ये. 2020 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्याचे हादरे इथवर आले. शादी डॉट कॉमने, डॅलसच्या एका भारतीय महिलेच्या याचिकेनंतर, त्वचेच्या रंगावरून स्थळं निवडायची सोय काढून टाकली. अंधेरीत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरने जुलैमध्ये ‘फेअर’च्या जागी ‘ग्लो’ छापलं. डबी दुकानात त्याच फळीवर राहिली.

मोठ्या कंपन्यांवर निदान नजर तरी असते. गल्लीतल्या पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीतून जे विकलं जातं, त्याची तपासणी कोण करणार? अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, अशीच एक क्रीम लावत होत्या. 2022 मध्ये तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मूळ शोधलं, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला, मर्यादेच्या कितीतरी पट. पारा त्वचेतलं मेलॅनिन तयार होणं रोखतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. आणि त्वचेतून रक्तात गेला की मूत्रपिंडात साठतो.

रंगाचं हे असं, पण फॅशनवाल्यांचं एक पाऊल वजनाच्या बाजूने पडलं. लॅक्मे फॅशन वीकमध्ये 2016 च्या ऑगस्टमध्ये प्लस साइज मॉडेल रॅम्पवर चालल्या. त्यामागे प्लस साइज कपड्यांचं दुकान होतं, हे लपलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी नेपाळची ट्रान्सजेंडर मॉडेल अंजली लामा त्याच रॅम्पवर आली. बाजार सगळ्यांना सामावून घेतो, गिऱ्हाईक दिसलं की लवकर घेतो. यात वाईट काही नाही. पण त्याला क्रांती म्हणायची घाई नको.

वजन आणि रंग यांतला फरक मराठी पडद्यावर जास्त स्पष्ट दिसतो. 2016 च्या ‘वजनदार’ चित्रपटासाठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी मुद्दाम वजन वाढवलं. चार वर्षांनी ‘सुंदरा मनामध्ये भरली’ मालिकेत अक्षया नाईक आहे तशीच नायिका झाली आणि 2021 च्या ‘येऊ कशी तशी मी नांदायला’मध्ये अन्विता फलटणकरही. या दोघींना वजन वाढवावं लागलं नाही, अंगाला पॅडिंग बांधावं लागलं नाही, आणि लोकांनी त्यांच्या लतिका आणि स्वीटू या भूमिकांवर जीव टाकला. रंगाचं मात्र काय झालं? 2019 मध्ये स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सुरू झाली. सावळ्या दीपाला सासूने स्वीकारावं, समाजाने स्वीकारावं, हाच तिचा विषय, आणि ती चालली 2023 पर्यंत. दीपाच्या भूमिकेसाठी निवड झाली ती उजळ वर्णाच्या रेश्मा शिंदेची. ती चित्रीकरणाआधी काळपट मेकअप चढवायची आणि मग कॅमेऱ्यासमोर सासूला पटवून द्यायची, की सावळ्या मुलीत काही कमी नसतं.