जवळजवळ तयार विमान

रेडिओच्या साहाय्यानें दुरून चालविण्याचीं लहान विमानें आतां पुष्कळ विद्यार्थ्यांच्या परिचयाचीं झालीं आहेत. तीं साधारणपणें तीन प्रकारचीं मिळतात. पहिल्या प्रकारांत नुसता नकाशा आणि लाकडाच्या पट्ट्या येतात. पट्टी न् पट्टी कापून व चिकटवून सर्व सांगाडा स्वतः उभारावा लागतो, आणि त्यास कित्येक आठवडे लागतात. दुसऱ्या प्रकारांत विमान पेटींतून काढावें, बॅटरी बसवावी आणि उडवावें, इतकेंच काम उरतें. या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे 'जवळजवळ तयार' विमान. त्याचे पंख, धड व शेपटी हीं कारखान्यांत तयार होऊन, वर रंगीत पातळ आवरण चढून येतात; परंतु ते भाग एकमेकांस जोडणें, मोटर व रेडिओचीं साधनें बसविणें आणि सर्वांचा तोल जुळविणें हें घेणाऱ्याकडे सोंपविलेलें असतें. दोन-तीन सुट्यांच्या दिवसांत हें काम होतें, म्हणून पुष्कळांस तें क्षुल्लक वाटतें. वस्तुतः विमान आकाशांत स्थिर राहील कीं पहिल्याच उड्डाणांत जमिनीवर आपटेल, हें बहुतांशीं या उरलेल्या कामावरच अवलंबून असतें. तें काम कोणतें, आणि तें तसेंच कां करावयाचें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

दुरून यंत्र चालविण्याची कल्पना बरीच जुनी आहे. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एक लहान नौका बिनतारी लहरींनीं चालवून दाखविली. पुढें १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें विमान १२ सेकंद हवेंत राहिलें व १२० फूट अंतर गेलें. या दोन विद्यांचा मेळ अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड या भावांनीं घातला. १९३७ सालीं त्यांनीं 'गफ' नांवाचें आपलें लहान विमान रेडिओनें चालविलें. तें आज स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. राइट बंधूंचें खरें श्रेय केवळ उडण्यांत नसून उडत्या यंत्रास ताब्यांत ठेवण्यांत होतें, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. विमान तीन प्रकारें वळतें: एका कुशीवर कलतें, नाक वर-खालीं करतें, आणि डावीकडे-उजवीकडे तोंड फिरवितें. या तिन्ही गोष्टी चालकाच्या हातीं असल्या पाहिजेत, हें त्यांनीं ओळखलें. लहान विमानासही तोच नियम लागू आहे.

उदाहरणादाखल शिकाऊ विद्यार्थ्यास योग्य असें एक विमान घेऊं. त्याचा पंख धडाच्या वर बसविलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारें १२५ सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद आहे. सर्व साहित्य धरून वजन सव्वा ते दीड किलोग्रॅम भरतें. सांगाडा बाल्सा नांवाच्या लाकडाचा असतो. हें लाकूड मुख्यत्वें दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर देशांतून येतें, व वजनानें तें सागवानाच्या सुमारें चौथ्या हिश्श्याइतकेंच असतें. पंखाच्या मागच्या कडेस दोन्ही बाजूंस ज्या हलत्या पट्ट्या असतात त्यांस एलेरॉन म्हणतात. त्यांच्या योगें विमान कुशीवर कलतें. शेपटीच्या आडव्या भागाची हलती पट्टी ती एलिव्हेटर. ती नाक वर-खालीं करते. उभ्या भागाची पट्टी तो रडर. त्याच्या योगें तोंड फिरतें. चवथी गोष्ट मोटरचा वेग. या चार गोष्टी सांभाळतां आल्या म्हणजे विमान सांभाळतां आलें.

या पट्ट्या हलविण्याचें काम 'सर्व्हो' नांवाचीं लहान यंत्रें करतात. आगपेटीपेक्षांही लहान अशा डबींत एक मोटर, दंतचक्रांची मालिका आणि स्वतःचा हात कोणत्या कोनांत आहे हें ओळखणारा एक भाग असतो. रेडिओचा ग्राहक, म्हणजे रिसीव्हर, सर्व्होला सेकंदास सुमारें ५० वेळां सूचना पाठवितो. सूचनेचा कालावधि सेकंदाच्या एक हजारांशापासून दोन हजारांशांपर्यंत असतो. दीड हजारांश म्हणजे 'मध्यावर राहा' असा अर्थ होतो. सर्व्हो आपली स्थिति व आलेली सूचना यांची तुलना करून फरक नाहींसा होईपर्यंत फिरतो. म्हणून सर्व्होचा हात बसविण्यापूर्वीं रेडिओ सुरू करून तो मध्यावर आणावा, आणि मगच हात काटकोनांत बसवून स्क्रू आवळावा. हें आधीं न केल्यास पट्टी एका बाजूस जास्त व दुसऱ्या बाजूस कमी वळते.

आतां जोडणीकडे वळूं. पेटी उघडतांच चिकटविण्याची घाई करूं नये. प्रथम सूचनापुस्तिका शेवटपर्यंत वाचावी, सर्व भाग यादीशीं ताडून पाहावे, आणि प्रत्येक भाग कोरडाच बसवून पाहावा. चिकटलेला सांधा पुन्हां सोडवितां येत नाहीं, आणि सोडविलाच तर लाकूड तुटतें. सुरवातीस पट्ट्यांच्या बिजागऱ्या तपासाव्या. या बिजागऱ्या पातळ, शोषक पानासारख्या असतात. त्यांच्या मध्यावर टांचणी टोंचून ठेवली म्हणजे त्या दोन्ही भागांत सारख्या शिरतात. मग टांचणी काढून, पाण्यासारखें पातळ सायनोॲक्रिलेट दोन्ही बाजूंनीं थेंब थेंब सोडावें. तें क्षणांत धरतें. त्याची वाफ डोळ्यांस झोंबते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी व डोळ्यांस संरक्षक चष्मा लावावा. वाळल्यावर प्रत्येक पट्टी हातानें चांगली ओढून पाहावी. कारखान्यांतून बिजागऱ्या लावून आल्या असल्या तरीही ही परीक्षा चुकवूं नये. हवेंत सुटलेल्या एलेरॉनला दुरुस्ति नाहीं.

पंखाचे दोन अर्धे भाग एका प्लायवूडच्या जोडपट्टीवर येतात. ही पट्टी मध्यावर किंचित् वांकडी असते, त्यामुळें दोन्ही टोकें मध्यापेक्षां उंच राहतात. या उंचीस कारण आहे. वाऱ्यानें विमान एका बाजूस कललें कीं तें त्या बाजूस घसरूं लागतें. तेव्हां खालच्या पंखास हवेचा आधार अधिक मिळून तें आपोआप पूर्ववत् होऊं पाहतें. जोडणीस अर्ध्या तासांत घट्ट होणारें इपॉक्सी वापरावें. पांच मिनिटांत वाळणारें घेतलें तर कोन नीट पाहण्यास वेळच उरत नाहीं. जोडपट्टी, तिची खांच आणि पंखांचीं तोंडें या सर्वांस इपॉक्सी लावून, बाहेर आलेलें तत्काळ पुसून, सांधा चिकटपट्टीनें आवळून रात्रभर हलवूं नये.

शेपटी बसविणें हें सर्वांत नाजूक काम होय. पंख धडावर बसवून प्रथम तो काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहावें. त्यासाठीं धडाच्या मागील टोकाच्या बरोबर मध्यावर टांचणी टोंचून तिला न ताणणारा दोरा बांधावा, आणि पंखाच्या उजव्या व डाव्या टोकांपर्यंतचें अंतर मोजावें. दोन्ही सारखीं भरलीं पाहिजेत. मग शेपटीचा आडवा भाग बसवून, त्याच्या प्रत्येक टोकापासून त्याच बाजूच्या पंखाच्या टोकापर्यंतचें अंतर पाहावें. तेंही दोन्हीकडे सारखें असावें. शेवटीं विमानाच्या मागें दहा पावलांवर उभें राहून पंख व शेपटी समांतर दिसतात कीं नाहीं तें पाहावें. उभा भाग आडव्याशीं गुण्या लावून काटकोनांत ठेवावा. येथील एक-दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पण हवेस तो कळतो. तिरपी शेपटी विमानास सतत एका बाजूस ओढते. एका वेगास ती ओढ सांवरली तरी वेग बदलतांच पुन्हां दिसूं लागते.

जेथें चिकटवावयाचें तेथील रंगीत आवरण काढलें पाहिजे, कारण इपॉक्सी लाकडास धरतें, आवरणास धरत नाहीं. पण हें आवरण कापतांना सुरीचा दाब नकळत खालच्या बाल्सावर पडतो. लाकडावर उमटलेली केसाएवढी रेघ पुढें शेपटी मोडण्याची जागा होते. म्हणून पेन्सिलीनें केलेल्या खुणेच्या दोन-तीन मिलिमीटर आंतूनच, नवीन धारेच्या पात्यानें, अगदीं हलक्या हातानें कापावें.

मोटर धडाच्या पुढच्या जाड फळीवर स्क्रूंनीं बसते. ती किंचित् खालीं व किंचित् उजवीकडे वळलेली दिसली तर सरळ करूं नये. जोर वाढतांच नाक वर जाऊं नये व विमान डावीकडे ओढलें जाऊं नये म्हणून ती तशीच ठेवलेली असते. पंखा मात्र शेवटपर्यंत लावूं नये. टेबलावर रेडिओची परीक्षा चालली असतां मोटर अकस्मात् सुरू झाली तर फिरता पंखा बोटें कापतो.

आतां तोलाविषयीं. ज्या बिंदूवर सर्व वजन एकवटलें आहे असें मानतात त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. आपल्या विमानांत तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्के अंतरावर, म्हणजे ५ ते ६ सेंटिमीटरवर, असावा. पुस्तिकेंत दिलेला आंकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. तेथें दोन्ही बाजूंस खूण करून, बॅटरीसह सर्व सामान आंत ठेवून, दोन बोटांच्या टोकांवर विमान उचलावें. तें समपातळींत किंवा नाक किंचित् खालीं करून राहिलें पाहिजे. नाक जड असलेलें विमान सुस्त उडतें, पण उडतें. शेपटी जड असलेलें विमान एकदां नाक वर करून हवेंतील आधार गमावून बसलें कीं चालकाचें ऐकत नाहीं. तोल साधण्यास प्रथम बॅटरी पुढें-मागें सरकवावी. शिशाचा तुकडा हा अखेरचा उपाय. येथें तरफेचा नियम डोळ्यांसमोर येतो. शेपटीचें टोक गुरुत्वमध्यापासून ७५ सेंटिमीटर मागें आणि नाक २५ सेंटिमीटर पुढें असेल, तर शेपटीवर चढलेल्या १० ग्रॅम इपॉक्सीचा तोल राखण्यास नाकांत ३० ग्रॅम शिसें घालावें लागतें. शेपटीकडे चिकटद्रव्य कमी वापरावें असें जाणते सांगतात, त्याचें कारण हेंच.

यानंतर दिशांची परीक्षा. विमानाच्या मागें उभें राहून, त्याचें नाक आपल्या समोरच्या दिशेस ठेवून, दांडी उजवीकडे न्यावी: उजवा एलेरॉन वर व डावा खालीं गेला पाहिजे. दांडी आपल्याकडे ओढतां एलिव्हेटरची मागची कड वर गेली पाहिजे. रडरची दांडी उजवीकडे नेतां रडरही उजवीकडे वळला पाहिजे. उलट बसलेला एलेरॉन ओळखण्यास जमिनीवर दहा सेकंद पुरतात. हवेंत ओळखला तर बहुधा उशीर झालेला असतो. प्रत्येक उड्डाणापूर्वीं ही परीक्षा पुन्हां करावी. तसेंच प्रेषक, म्हणजे हातांतील ट्रान्समीटर, आधीं सुरू करावा व सर्वांत शेवटीं बंद करावा. नाहींतर विमानास आज्ञा देणारें कोणीच नसतांना मोटर सज्ज राहते.

पालकांनीं विशेष लक्ष घालावें अशी वस्तु म्हणजे बॅटरी. ती लिथियम-पॉलिमर जातीची, सहसा तीन घटांची असते. प्रत्येक घट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवितो. तो ३ व्होल्टच्या खालीं गेला तर बिघडतो. २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २.२ अँपिअरनें भरावी; सुमारें एक तास लागतो. प्रत्येक घट वेगळा पाहणारा चार्जर वापरावा, बॅटरी न जळणाऱ्या पृष्ठावर ठेवावी, आणि ती भरत असतां घरांतील वडील माणसानें तेथेंच असावें. फुगलेली वा दबलेली बॅटरी पुन्हां भरूं नये. अशा बॅटरीस लागलेली आग फार वेगानें पसरते.

उडविण्यास मोकळें माळरान, मंद वारा आणि जवळ अनुभवी शिक्षक असावा. मुंबई व पुणें यांसारख्या शहरांत विमानतळ वस्तीस लागूनच आहेत. भारत सरकारच्या २०२१ सालच्या नियमांत आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे विभाग केले असून पिवळ्या व तांबड्या विभागांत परवानगीशिवाय उडवितां येत नाहीं. म्हणून जागा ठरविण्यापूर्वीं सरकारी नकाशा पाहावा. विमान वाऱ्याच्या समोर सोडावें, आणि तें माणसांच्या व गुरांच्या डोक्यांवरून कधींही नेऊं नये. विमान आपल्याकडे येऊं लागलें म्हणजे डावें-उजवें उलट भासतें. अशा वेळीं जो पंख खालीं गेला असेल त्याच्याकडे दांडी न्यावी, म्हणजे विमान सरळ होतें.

विद्यार्थिमित्रहो, या सर्व कामांत असाधारण बुद्धि लागणारें असें कांहीं नाहीं. मोजणें, थांबणें, ओढून पाहणें आणि पुन्हां मोजणें, एवढ्यांतच बहुतेक सर्व आलें. दीड किलोग्रॅमचें विमान वेगानें खालीं आलें तर तें खेळणें राहत नाहीं, आणि त्याच्या मार्गांत कोण उभें असेल हें आधीं सांगतां येत नाहीं. कारखान्यानें नऊ हिस्से काम करून दिलें, तरी दहाव्या हिश्श्याची जबाबदारी आपलीच असते; आणि विमान जमिनीवरून उचललें जातें त्या क्षणीं पहिली कसोटी त्या दहाव्या हिश्श्याचीच लागते.