विक्राळ प्राणी घरी घडवताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी काढला. त्यातले विक्राळ प्राणी पुस्तकातून घेता येतात, घरीही घडवता येतात. गायगॅक्सने स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून काही घडवले. त्यातला एक लोखंड गंजवून खातो. जिवापेक्षा त्याला चिलखताची भूक, म्हणून मोठमोठे योद्धे त्याला पाहून पळतात! आम्हाला हा फार आवडला. बळाचे आकडे मागाहून भरावेत. प्राणी खातो काय, भितो कशाला, हे आधी ठरवावे.

मात्र एका रकान्यापाशी आम्ही थबकतो. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये प्रत्येकाची वृत्ती छापलेली होती. ‘ऑर्क’ ही अख्खी जमात दुष्ट. भारतातून उचललेला ‘राक्षस’ही दुष्टच, आणि हा शब्द कोणावर फेकला गेला हे आमच्या वाचकांना सांगायला नको. जन्मला की शिक्का! ऑर्कांना असे रंगवणे योग्य नव्हते, हे प्रकाशकांनी २०२० साली कबूल केले. २०२४ च्या नियमपुस्तकातून ‘वंश’ हा शब्दही गेला.

मुलांनी तो रकाना कोराच ठेवावा. अंगुलिमाल भिक्खू झाला, तो तलवारीने नव्हे. आपल्या प्राण्याला तलवारीवाचून कसे थांबवता येईल, तेही त्याच कागदावर लिहावे.