गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया पोट उघडून, योनिमार्गे किंवा दुर्बिणीने केली जाते. कर्करोग, बाळंतपणानंतरचा न थांबणारा रक्तस्राव, अंग फार बाहेर येणे अशा वेळी ती आवश्यक ठरते. मात्र गैरसमजांमुळे गरज नसतानाही अनेकींची पिशवी काढली जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली.

गैरसमज: मुले झाली की पिशवीचे काम संपते, काढली तरी बिघडत नाही.
वस्तुस्थिती: पिशवीबरोबर पुष्कळदा दोन्ही बीजांडकोशही काढले जातात. शरीराला इस्ट्रोजेन प्रामुख्याने त्यांच्याकडूनच मिळते. ते एकाएकी थांबले की अंगातून गरम वाफा येतात, झोप उडते. पंचेचाळिशीच्या आत असे झाल्यास पुढे हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोश राखले, तर केवळ पाळी बंद होते; तरीही काहींना रजोनिवृत्ती लवकर येते.

गैरसमज: अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, म्हणजे पिशवी खराब झाली.
वस्तुस्थिती: थोडे पांढरे जाणे नैसर्गिक आहे. त्याला दुर्गंधी किंवा खाज असेल, तर बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधांनी बरा होतो. कंबरदुखीची कारणे तर बहुतेक वेळा स्नायूंत आणि मणक्यात असतात.

गैरसमज: गाठ राहू दिली, तर तिचा कॅन्सर होतो.
वस्तुस्थिती: फायब्रॉइडच्या गाठी जवळजवळ नेहमीच साध्या असतात. त्रास नसल्यास तपासणीत राहणे पुरते; पाळी गेल्यावर त्या सहसा आक्रसतात. रक्तस्राव जास्त असेल, तर गोळ्या, संप्रेरकयुक्त तांबी किंवा फक्त गाठ काढणे हे पर्याय आहेत. गर्भाशयमुखाचा कर्करोगही अशा गाठीमुळे नव्हे, तर प्रामुख्याने एचपीव्ही विषाणूमुळे होतो. लस आणि नियमित तपासणी हे त्यापासूनचे संरक्षण आहे.

गैरसमज: पिशवी काढल्यावर पोटात पोकळी राहते आणि वैवाहिक सुख संपते.
वस्तुस्थिती: रिकामी झालेली जागा आतडी भरून काढतात. जखम भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने शरीरसंबंध पूर्ववत ठेवता येतात. जड ओझे उचलणे मात्र तोवर टाळावे लागते.

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने मार्गदर्शक सूचना केल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना त्या लागू करण्याचे आदेश दिले. तातडीची वेळ नसेल, तर प्रत्येक स्त्रीने होकार देण्याआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे आणि निदान काय, दुसरा उपाय कोणता, बीजांडकोश राखणार का, हे विचारावे. शस्त्रक्रिया झालीच, तर पिशवीच्या तपासणीचा अहवाल जपून ठेवावा.