सव्वा हात पाण्याखाली

गेल्या लेखांकात आपण लाइफ जॅकेटपाशी थांबलो होतो. जॅकेट माणसाला बुडू देत नाही. त्याचे काम तिथे संपते. पण न बुडणे वेगळे आणि वाचणे वेगळे. छोट्या होडीवर या दोहोंत दीड-दोन फुटांचेच अंतर असते, पाण्यापासून होडीच्या कठड्यापर्यंतचे. ते ओलांडायचे साधन म्हणजे शिडी. आपल्याकडे शिडीकडे मौजेची वस्तू म्हणून पाहतात: परदेशी पर्यटक होडीतून पाण्यात उड्या मारतात, त्यांना परत वर यायला ती लागते, आपल्याला कशाला? ग्वाल्हेरच्या इंदरगंजातून निघून संध्याकाळी बैजातालावर पेडल बोटीत बसणारे कुटुंब किंवा रविवारी वीस-बावीस किलोमीटरवरच्या तिघरा धरणावर मोटरबोटीची फेरी मारणारे कॉलेजचे टोळके पोहायला जात नाही, हे खरेच. माझे म्हणणे असे की, नेमकी म्हणूनच शिडी त्यांना जास्त लागते. शिडीविना लाइफ जॅकेट हे अर्धेच साधन आहे.

आधी वजनाचा हिशोब पाहू. गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या सत्तर किलोच्या माणसाला स्वतःचे वजन जवळजवळ जाणवत नाही, कारण शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या आसपासच असते. डोके तेवढे बाहेर, म्हणजे चार-पाच किलोंचा भार. तो हातांनी कठडा धरून अंग वर खेचू लागला की पाण्याचा आधार इंचाइंचाने सुटत जातो. कंबर पाण्याबाहेर येईतो निम्म्याच्या आसपास वजन हातांवर आलेले असते, आणि कठडा पोटाखाली यायच्या क्षणी जवळजवळ सगळेच. शिवाय भिजलेले कपडे. साडीत किंवा जीन्समध्ये मुरलेले पाणी पाण्यात असेपर्यंत जड लागत नाही, बाहेर निघताच त्याचा पुरता भार होतो. पोहण्याच्या तलावात काठावर हात टेकून सहज वर येणारा माणूस इथे फसतो, कारण तलावाचा काठ पाण्यापासून वीतभर उंच, सपाट आणि जागचा न हलणारा असतो. होडीचा कठडा उंच असतो, गुळगुळीत फायबरचा असतो आणि आपण ओढले की तो आपल्याच दिशेने कलतो. त्यात पाय आधार शोधत होडीच्या पोटाखाली सरकतात, धड मागे पडते, आणि माणूस वर चढण्याऐवजी होडीला उलटा लोंबकळतो. दंडबैठका काढणाऱ्याची ही गत, तर बाकीच्यांचे काय? आपली ताकद मांड्यांत असते, दंडांत नव्हे. शिडी करते ते एवढेच की, हातांवर पडलेले काम पायांकडे सोपवते.

पण कुठलीही शिडी हे करत नाही. खालची पायरी पाण्याच्या पातळीलाच असेल, तर तिच्यावर पाय ठेवायला गुडघा छातीपर्यंत आणावा लागतो. तरंगणाऱ्या माणसाला ते अवघड, आणि पुढून फुगीर जॅकेट घातलेल्याला जवळजवळ अशक्य. म्हणून अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचे मानक सांगते की, सर्वांत खालची पायरी पाण्याखाली निदान २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर असावी. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर सव्वा हात. दुकानात सुबक दिसणाऱ्या दोन पायऱ्यांच्या शिड्या इथेच नापास होतात. दोराच्या शिडीचे दुखणे निराळे. स्वस्त, गुंडाळून ठेवायला सोपी, पण पाय टाकताच ती होडीखाली झुलते आणि चढणारा जवळजवळ आडवा होतो. ती फक्त पोहता येणाऱ्या, चपळ माणसाच्या कामाची. पायऱ्यांचेही तेच: बोटभर जाडीचा गोल पाइप ओल्या अनवाणी तळव्याला रुततो आणि त्यावरून पाय घसरतो, चपटी खरखरीत पायरी हवी. सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे वरचे हातधरण. शिडी कठड्याशी संपली की शेवटच्या पायरीवर उभ्या माणसाला पकडायला काही उरत नाही. तो पोटावर पडून सरपटत आत येतो किंवा परत मागे पडतो. कठड्याच्या आत फूटभर तरी दांडी असावी लागते.

आता या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा: शिडी उघडणार कोण? युरोपीय संघाच्या १९९४ च्या हौशी नौकांसंबंधीच्या निर्देशात, पाण्यात पडलेल्याला परत चढणे सोपे जावे अशी रचना असावी, एवढेच म्हटले होते. २०१३ च्या नव्या निर्देशात एक वाक्य वाढले: पाण्यातल्या माणसाला, दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय, ते साधन हाताला लागले पाहिजे किंवा उघडता आले पाहिजे. हे वाढलेले वाक्य मला पानभर नियमांपेक्षा मोलाचे वाटते. शिडी बाकाखाली ठेवलेली असेल, वर दुमडून पट्ट्याने आवळलेली असेल आणि होडीत दुसरे कुणी नसेल, तर ती असून नसल्यासारखी. मागच्या बाजूला दुमडलेली, खाली लोंबणारा दोर ओढला की उलगडणारी शिडी हाच खरा तोडगा.

यावर आक्षेप बरेच आहेत, आणि काही वजनदार आहेत. पहिला नेहमीचा: नावाडी आहेच, तो ओढून घेईल. घेईल, पण कसा? एकट्या माणसाने सत्तर किलोचा ओला, घाबरलेला देह कठड्यावरून उचलणे सोपे नाही, आणि त्याच्या मदतीला होडीतले सगळे त्याच बाजूला धावतात. साठ-साठ किलोचे तिघे आणि लोंबणारा चौथा, म्हणजे एका कडेवर अडीचशे किलो. छोट्या होडीचे स्वतःचे वजन पुष्कळदा याच्या आसपासच असते. एकाला काढायला गेले आणि पाचजण पाण्यात, असे होते ते यामुळेच. शिडी मागे असली तर भार होडीच्या लांबीच्या दिशेने पडतो, आणि त्या दिशेने होडी सहजासहजी उलटत नाही. दुसरा आक्षेप कोकणातल्या माणसाचा असू शकतो: आमचे कोळी तर एका झेपेत आत येतात. येतात, कारण लहानपणापासून त्यांना पाण्याची सवय असते. त्यांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून सहलीला आलेल्या काकूंच्या सुरक्षेचा आधार होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप मोटरबोटीच्या पंख्याचा, आणि तो खरा आहे. मागे शिडी म्हणजे माणूस नेमका पंख्याजवळ येणार. याला उत्तर एकच, कुणी चढत असताना इंजिन पूर्ण बंद. नुसते न्यूट्रलला टाकून चालत नाही, कारण गिअरला चुकून लागलेला एक धक्का पुरतो. शिडी शक्य तेवढी कडेला, पंख्यापासून लांब बसवावी. पेडल बोटीला हा प्रश्नच नाही. शिवपुरीच्या सख्यासागरात प्रश्न वेगळाच: तिथल्या पाण्यात मगरी आहेत. पाण्यात शिडी सोडून पोहायला उतरा, असे तिथे कुणी शहाणा म्हणणार नाही. पण चुकून पडलेल्याने लवकर वर यावे, ही गरज तिथे कमी नव्हे, जास्तच आहे.

सगळ्यांत मजबूत आक्षेप असा: माणसे मरतात ती शिडी नसल्याने नव्हे. १३ सप्टेंबर २०१९ ला भोपाळच्या खटलापुरा घाटावर गणेशविसर्जनात ११ जण गेले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात १४ जण गेले, त्यांत १२ शाळकरी मुले. या दोन्ही ठिकाणी होड्याच उलटल्या. अशा वेळी शिडी काय करणार? जवळजवळ काहीच नाही, हे मान्य केले पाहिजे. तिथे जादा भार, जॅकेटांचा तुटवडा आणि ढिली देखरेख हे प्रश्न होते, आणि त्यांचा क्रम शिडीच्या आधी लागतो. पण म्हणून शिडी फालतू ठरत नाही. एखादे मूल वाकून पाणी उडवताना पडते, कुणी सेल्फीसाठी उभा राहतो आणि तोल जातो. होडी सरळ उभी आहे, माणूस जॅकेट घालून बाजूला तरंगतो आहे, आणि त्याला आत घेणे कुणाला जमत नाही, अशा साध्या अपघातांसाठी ती आहे. बचावाची होडी येईपर्यंत तरंगत राहा, हा सल्लाही योग्यच. फक्त ती होडी आली की तिच्यातही वर चढावेच लागते. जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा गार पाण्यात बोटे किती वेळ दोर धरू शकतील, याचाही विचार हवा.

खर्चाची सबब तर मला अजिबात पटत नाही. समुद्रावर खारट हवेमुळे महागडे स्टील लागते. तिघऱ्याच्या गोड्या पाण्यात साधा गॅल्व्हनाइज्ड पाइपही पुष्कळ टिकेल. इंदरगंजाजवळच्या लोहिया बाजारात पाइप मिळतो, कापून मिळतो, आणि तीन-चार पायऱ्यांची बिजागरीवाली शिडी जोडून देणे वेल्डरला कठीण नाही. एक काळजी मात्र घ्यावी: फायबरच्या होडीला ती नुसत्या स्क्रूने न बसवता आतून जाड पट्टी देऊन आरपार बोल्टने बसवावी, नाहीतर पहिल्याच जड माणसाबरोबर शिडीही हातात येईल. तिघऱ्याची पातळी पावसाळ्यात वर आणि उन्हाळ्यात पार खाली जाते. त्यामुळे काठावरच्या पायऱ्यांचा भरवसा धरता येत नाही. होडीची शिडी मात्र होडीबरोबरच खाली-वर होते.

पुढच्या वेळी बैजातालावर किंवा तिघऱ्यावर तिकीट काढाल तेव्हा जॅकेट मागालच. त्याबरोबर होडीच्या मागे जाऊन पाहा: शिडी आहे का, पाण्यातून हात घालून ती उघडते का, आणि तिची शेवटची पायरी पाण्याखाली सव्वा हात जाते का. नसेल तर खिडकीवरच्या माणसाला तसे सांगा, आणि तक्रारवही असेल तर तिच्यात लिहा. पुढच्या लेखांकात दोर आणि त्याच्या गाठी.